केस सरळ करण्याआधी

मुलगी केस वाढवू लागते. केस खांद्याशी येतात, नागमोडी वळतात, फुगतात. मग घरातलेच कोणीतरी म्हणते, ‘काय या झिंज्या! सरळ करून घे.’ आम्हाला हे पटत नाही. केसांचे वळण जन्मजात असते, तो दोष नव्हे.

केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. म्हणजे कानापासून खांद्यापर्यंत यायला वर्षभर धीर हवा. टाळूचे तेल वळणांतून टोकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून टोके कोरडी पडतात. नहाण्याआधी टोकांना खोबरेल लावा. ओल्या केसांतच मोठ्या दातांचा कंगवा फिरवा. आधी टोकांचा गुंता सोडवा, मग वर सरका. जुन्या सुती कापडाने टिपा, खसाखसा पुसू नका. रात्री सैल वेणी घाला.

केस सरळ करण्याच्या काही रसायनांतून, ती तापवली की, फॉर्मल्डिहाइड वायू निघतो. डोळे आणि घसा जळजळतो. सततच्या संपर्काने कर्करोगाचा धोका वाढतो. पार्लरमध्ये राबणाऱ्या आपल्याच मुली तो श्वासात घेतात. एवढे करून नवे केस पुन्हा वळणदारच उगवतात.

पैसे वाचवा. आणि मुलीला आरशासमोर उणे वाटेल असे घरात बोलू नका.