दप्तर राखणारे संशोधन

वैद्यकीय संशोधन म्हटले की प्रयोगशाळा आणि तिच्यातील काचपात्रे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. ज्या वैद्याने आयुष्यभर बाह्यरुग्ण विभागात बसून तीच ती मुले वर्षानुवर्षे तपासली, त्यांच्या झटक्यांच्या तारखा इमानाने टिपून ठेवल्या, त्याला संशोधक म्हणताना मात्र आपली जीभ अडखळते. हा समज किती अन्यायाचा आहे हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने फ्रान्समधील मार्सेय येथील शार्लट द्राव्हे या विदुषीची कारकीर्द अभ्यासावी.

आँरी गास्तो या अपस्मारतज्ज्ञाच्या परंपरेत तयार झालेल्या द्राव्हेबाईंना अशी काही बालके आढळू लागली की जी तत्कालीन व्याख्यांत बसेनात. जन्मतः निकोप असलेले मूल सहाव्या महिन्याच्या सुमारास तापते, त्याला झटका येतो आणि तो काही क्षणांत न ओसरता कधी अर्धा तास, कधी त्याहून अधिक चालतो, बहुधा शरीराच्या एकाच बाजूस. मेंदूचा विद्युत्-आलेख काढावा तर तो त्या वेळी बहुधा निर्दोष. दुसऱ्या वर्षी तापाचे निमित्तही लागत नाही, अंग दचकू लागते आणि वाचेची व बुद्धीची वाढ मंदावते. एका भेटीत यातले काहीच दिसत नाही. ज्याने तेच मूल दोनतीन वर्षे पाहिले, त्यालाच हा क्रम उमगावयाचा. १९७८ साली द्राव्हेबाईंनी या व्याधीचे वर्णन प्रसिद्ध केले व आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

जनुकीय कारण सापडले ते २००१ साली, बेल्जियममधील अँटवर्प येथे: तपासलेल्या सातही बालकांत सोडियमच्या वाहिनीशी संबंधित एकाच जनुकात, मातापित्यांत नसलेला, नव्याने उद्भवलेला दोष निघाला. या यशाचे श्रेय प्रयोगशाळेला अवश्य द्यावे. परंतु ती सात बालके एका रोगाची आहेत हे तेवीस वर्षे आधी कोणी ठरवून ठेवले होते? त्या वर्णनाचा व्यावहारिक लाभही लहान नाही. कार्बामाझेपिनसारखी सोडियमची वाहिनी रोखणारी, एरवी गुणकारी औषधे या मुलांचे झटके वाढवितात, म्हणून निदान चुकले तर औषधच अपाय करते. शिवाय लसीने मेंदू बिघडला असा ठपका असलेल्या १४ रुग्णांपैकी ११ जणांत हाच जनुकदोष असल्याचे ऑस्ट्रेलियातील सॅम्युएल बर्कोविक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखविले. आपणच बाळाला टोचून आणले, या विचाराने स्वतःस दोष देत बसलेल्या आयांना यापरता दिलासा कोणता?

आपल्याकडे झटका आलेल्या मुलाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरणारे अजून आहेत, त्यांना हसणे सोपे आहे. पण आपल्या सरकारी इस्पितळांत मुलाचा केसपेपर आईच्या प्लास्टिकच्या पिशवीत फिरतो, ती हरवली की मागच्या सगळ्या झटक्यांचा दाखला नाहीसा होतो आणि नवा डॉक्टर पहिल्यापासून विचारू लागतो, याची लाज मात्र शिकलेल्यांनाच वाटावयास हवी. वैद्यकीय महाविद्यालयांच्या बालरोग विभागांत अशा मुलांचे कायमचे दप्तर असावे, ते राखण्यास स्वतंत्र कारकून नेमावा, आणि त्या दप्तरावर दहा वर्षे खपणाऱ्या डॉक्टरचे ते काम बढतीच्या वेळी छापील निबंधांच्या बरोबरीने हिशेबात धरावे.