पाठीवरची अक्षरे

दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या अंधेरीच्या घराच्या माळ्यावरून उपग्रह-वाहिन्यांचे दोन जुने रिसीव्हर निघाले. त्यातला एक अण्णांनी 1992 साली हौसेने घेतलेला. आई म्हणाली, "ह्यांचा डबा आहे, तोच लाव." वाचकहो, मराठीच्या प्राध्यापकाला संधी सोडवता येतात, तारांचा गुंता नव्हे! पण आईला नाही म्हणवेना.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, आधी डब्याची पाठ वाचा." एकावर 'डीव्हीबी-एस' छापलेले, म्हणजे तो डिजिटल. अण्णांच्या डब्यावर तसले काही नाही, तो अ‍ॅनालॉग. वाहिन्या आता डिजिटल झाल्या. त्याच्या नशिबी पडद्यावर नुसत्या मुंग्या!

म्हणून दुसरा जोडायला घेतला. छत्रीची तार मी 'लूप'मध्ये पिळू लागलो. ती जागा पुढच्या रिसीव्हरसाठी. छत्रीची तार 'एलएनबी इन'मध्ये. तिच्यातूनच डबा छत्रीला 13 किंवा 18 व्होल्ट वीज पुरवतो. 13 वर उभ्या लहरी मिळतात, 18 वर आडव्या. तेव्हा आधी बटण बंद करावे आणि मधल्या तांब्याच्या तारेला भोवतालची जाळी टेकू देऊ नये. पिवळी पिन चित्राची, पांढरी नि तांबडी आवाजाची.

चित्र उमटले. आईचे तिकडे लक्षच नव्हते. ती अण्णांचा डबा पदराने पुसत होती. धुळीखालून एक चिकटपट्टी निघाली. तिच्यावर अण्णांचे अक्षर : 'छत्रीची तार इथे. आधी बटण बंद.'

डबा पुन्हा माळ्यावर गेला नाही.