मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

बत्तीस वर्षे बँकेत नोकरी केली. दुसऱ्यांचे पैसे मोजता मोजता स्वतःचा पैसा जपून खर्च करायची सवय लागली. वीजबिल सवलतीच्या तारखेच्या आत भरायचे, रद्दी दर महिन्याला घालायची, मुदतठेवीची तारीख एक दिवसही उलटू द्यायची नाही. आमची लेक हे सगळे पाहतच मोठी झाली. म्हणून २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिचा मेलबर्नहून फोन आला आणि ती म्हणाली, ‘‘बाबा, दिवाळीची तिकिटे काढली आणि ऐंशी डॉलर वाचवले,’’ तेव्हा माझी छाती अभिमानाने फुगली. ‘‘शाब्बास!’’ म्हणालो. त्या शाब्बासकीची किंमत पुढे तीन महिन्यांनी कळली.

ऐंशी डॉलर वाचले ते असे. ती, जावई आणि दोन मुले यांची जाण्यायेण्याची तिकिटे मिळून सुमारे ७,२०० डॉलर होत होती. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर क्रेडिट कार्डासाठी एक टक्क्याहून थोडा जास्त सरचार्ज लागत होता. बँक खात्यातून थेट पैसे भरले तर काहीच नाही. तिने खात्यातून भरले. आपल्या हिशेबाने चार हजारांवर रुपये वाचले. ‘‘फराळाचा खर्च सुटला की!’’ आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या.

मंडळी आली, दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी सात वर्षांच्या नातवाला ताप भरला. आधी वाटले, हवापालट आणि चकल्या. पण रक्त तपासले तर डेंग्यू. प्लेटलेट भराभर उतरू लागल्या आणि त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. पाच दिवस आम्ही आळीपाळीने त्याच्या खाटेशी बसलो. पोर बरे झाले, देवाची कृपा. पण बिल झाले एक लाख चाळीस हजार. शिवाय डॉक्टर म्हणाले, आठवडाभर विमानप्रवास नको. चारही तिकिटे पुढे ढकलताना भाड्यातला फरक आणि शुल्क मिळून आणखी लाखभर गेले.

जावई शांत होते. ‘‘काळजी करू नका बाबा, कार्डाचा प्रवास विमा आहे.’’ त्या कार्डाची वार्षिक फी ते भरत होते, तीही मुख्यतः या विम्यासाठीच. रात्री त्यांनी फोन लावला. पलीकडच्या बाईंनी फार सौजन्याने विचारले, ‘‘ऑस्ट्रेलिया सोडण्यापूर्वी या प्रवासाचा कुठला खर्च या कार्डावर केला होता?’’ अट अशी होती की आगाऊ भरलेल्या प्रवासखर्चापैकी किमान ५०० डॉलर त्या कार्डावरून गेले पाहिजेत. तिकीट, हॉटेल, सहल, काहीही चालले असते. आमच्या मंडळींचा एक डॉलरही गेला नव्हता. तिकिटे खात्यातून भरलेली. हॉटेल नाही, कारण राहणार आजोबांकडे. मुंबई विमानतळावरून आणायला गाडी मीच पाठवलेली. माहेरी येणाऱ्या लेकीचा आगाऊ खर्च म्हणजे फक्त तिकीट, आणि नेमके तेच कार्डावर नव्हते. विमा सुरूच झाला नव्हता.

पुढे फावल्या वेळात मी ते पॉलिसीचे पुस्तक पेन्सिल घेऊन वाचले. अट स्पष्ट होती. विमा कंपनीला मी दोष देत नाही. चूक झाली ती वाचलेला पैसा मोजून गमावलेला न मोजण्याची. ही चूक आमच्या लेकीची एकटीची नव्हे, म्हणूनच हे लिहायला घेतले.

सरचार्ज टाळण्याचा हा हट्ट येतो कुठून? त्याला इतिहास आहे. दुकानदाराने कार्ड घेतले की त्यातला काही भाग बँक कापून घेते. हा खर्च कार्ड वापरणाऱ्याकडून वेगळा वसूल करायला कार्ड कंपन्यांचे नियम पूर्वी आडवे येत. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००३ पासून तो अडसर काढला. विचार रास्त होता. कार्डाचा खर्च रोखीने देणाऱ्याच्या माथी का मारायचा?

पण विमान कंपन्यांनी त्यातून वेगळीच वाट काढली. तिकीट स्वस्त असो की महाग, दर प्रवाशामागे ठरावीक रक्कम. चौघांच्या कुटुंबाला ती चौपट. शिवाय काही ठिकाणी ही रक्कम दिसायची ती अगदी शेवटी. तिथल्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने जेटस्टार आणि व्हर्जिन या कंपन्यांना या लपवाछपवीबद्दल न्यायालयात खेचले आणि २०१७ मध्ये त्यांना अनुक्रमे ५,४५,००० आणि २,००,००० डॉलर दंड झाला. दरम्यान २०१६ मध्ये कायदाच झाला. कार्ड स्वीकारायला जेवढा खर्च येतो, त्याहून जास्त सरचार्ज घ्यायचा नाही. मोठ्या व्यापाऱ्यांना तो १ सप्टेंबर २०१६ पासून, बाकीच्यांना वर्षभराने लागू झाला. ब्रिटनने तर १३ जानेवारी २०१८ पासून ग्राहकांच्या कार्डांवरचा सरचार्ज सरसकट बंद केला.

म्हणजे लूट होती तेव्हा सरचार्ज टाळणे हे शहाणपणच होते. कायदा आल्यावर लूट आटोक्यात आली, सवय मात्र राहिली. आता माझा हिशेब पाहा. लेकीने चारांपैकी फक्त स्वतःचे तिकीट कार्डावर काढले असते, तर १,९०० डॉलरवर सरचार्ज पडला असता सुमारे २१ डॉलर. तिच्या पॉलिसीत सोबत प्रवास करणारी मुले धरलेली होती. एकवीस डॉलरमध्ये, म्हणजे हजार-अकराशे रुपयांत, अडीच लाखांपैकी बहुतेक रक्कम परत मिळाली असती. आपण मोरीला बोळा घातला आणि दरवाजा मोकळा ठेवला.

मग सरचार्ज मुकाट्याने भरायचा का? मुळीच नाही. टाळता येईल तेवढा टाळायचा, पण विम्याची अट सांभाळून. प्रवासात हॉटेल किंवा सहलीचा खर्च असेल आणि तिथे कार्डाला जादा पैसे पडत नसतील, तर तो आधीच कार्डावर भरावा आणि पॉलिसीला तेवढे पुरत असेल तर तिकीट खुशाल बँकेतून काढावे. दोन्ही हातांत लाडू. मात्र सगळ्या पॉलिसी सारख्या नसतात. कुठे ठरावीक रक्कम पुरते, कुठे पूर्ण भाडे कार्डावर लागते, कुठे प्रत्येक प्रवाशामागे वेगळी रक्कम मोजतात. कार्डावर भेटकुपन घेऊन त्यातून तिकीट काढण्याची युक्ती काही जण सांगतात. ती विमा कंपनीला चालते का, हे आधी लेखी विचारावे. तोंडी ‘हो’ दाव्याच्या वेळी कामाला येत नाही. आणि चौघांची तिकिटे दोन वेळा वेगवेगळी काढली, तर विमान बदलल्यास कुटुंबाची फाटाफूट व्हायची भीती असते. ही सोबतची मंडळी आहेत, हे विमान कंपनीला कळवून ठेवावे.

आमच्यासारख्या म्हाताऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. लेकीच्या किंवा मुलाच्या कार्डावर तिकीट काढले म्हणजे आपलाही विमा झाला, असे समजू नका. अशा विम्यात साधारणपणे कार्डधारक, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले येतात. आईवडील येत नाहीत. परदेशी जाताना आपला विमा आपणच काढावा आणि रक्तदाब, मधुमेह लपवू नये.

आपल्याकडेही चित्र फार वेगळे नाही. विमानाचे तिकीट काढताना ‘कन्व्हीनियन्स फी’ दर माणशी, दर उड्डाणामागे लागते आणि तिकीट रद्द केले तरी ती बहुधा परत मिळत नाही. तिचा दर पैसे कसे भरता यावरही ठरू शकतो, म्हणून यूपीआयने भरावेसे वाटते. पण काही कार्डांवरचे विमान अपघात विम्याचे संरक्षण तिकीट त्याच कार्डावर घेतले तरच मिळते. मात्र हे संरक्षण बहुतेक अपघाती मृत्यूपुरते असते, रुग्णालयाच्या बिलाशी त्याचा संबंध नसतो. लाखांचे आकडे पाहून भुलू नये आणि शंभर रुपयांसाठी ते डोळे झाकून सोडूही नये. अट वाचावी, मग ठरवावे.

वाचक विचारतील, साध्या तिकिटासाठी एवढा अभ्यास का करायचा? प्रश्न बरोबर आहे. सरचार्ज ठळक अक्षरांत दाखवायला कंपन्यांना भाग पाडले गेले. विम्याची अट मात्र जाड पुस्तकात कुठेतरी आत बसलेली असते. आपल्या कार्डावर तिकीट निघाले की बँकेला ते त्याच क्षणी कळते. ‘आपला प्रवास विमा सुरू झाला’ एवढा एका ओळीचा निरोप पाठवणे तिला जड आहे का? आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस म्हणून सांगतो, मुळीच नाही. ग्राहकाने हा निरोप मागितला पाहिजे आणि नियंत्रकांनी तो बंधनकारक केला पाहिजे. जुलै २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने व्हिसा, मास्टरकार्ड आणि तिथल्या एफ्टपॉस कार्डांवरचा सरचार्ज काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. सरचार्ज गेला, तरी विम्याच्या पुस्तकातली अट आपोआप जाणार नाही.

लेक पुढच्या दिवाळीला पुन्हा आली. तिकिटे काढल्याच्या दिवशी तिचा फोन आला. आवाज जरा ओशाळलेला होता. ‘‘बाबा, या वेळी एकवीस डॉलर घालवले.’’

मी म्हणालो, ‘‘शाब्बास!’’