सूत्र शेवटी, ज्वारी आधी

फळ्यावर लहान घन रचून केलेली एक इष्टिकाचिती काढावी: चार घन लांब, तीन रुंद, दोन उंच. मग सहावी-सातवीच्या मुलांना विचारावं, यात एकूण घन किती? बरोबर उत्तर 24. पण 26 म्हणणारी मुलंही निघतात, आणि हे 26 येतात कुठून ते शिक्षकाने पाहायलाच हवं. वरचे 12, समोरचे 8, बाजूचे 6 असे दिसणारे चौरस मुलांनी मोजलेले असतात. कडेचे घन दोनदा मोजले जातात, कोपऱ्यातला तीनदा, आणि आत दडलेले सहा घन हिशेबात येतच नाहीत. बॅटिस्टा आणि क्लेमेंट्स या अमेरिकी संशोधकांनी 1996 मध्ये अशाच चुकांचा बारकाईने केलेला अभ्यास प्रसिद्ध केला होता.

अशा मुलाकडून ‘लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची’ पाठ करून घेतलं की उत्तर 24 येतं. आतले सहा घन मात्र त्याला तेव्हाही दिसलेले नसतात.

इलाज थरांचा आहे. तळाच्या थरात 12 घन, असे दोन थर. एवढं हाताने रचून पाहिलेल्या मुलाला आठवीत वृत्तचिती आली तरी अडत नाही. तळ गोल झाला इतकंच. एका थरात किती आणि थर किती, हा प्रश्न तोच राहतो.

खरी कसोटी शंकूची. एकाच तळाच्या आणि एकाच उंचीच्या शंकूने वृत्तचिती किती वेळा ओतून भरेल, असं विचारलं की ‘दोनदा’ हे उत्तर सहज सुचतं. त्रिकोण आयताच्या निम्मा असतो, मग शंकूही निम्मा असणार! या चुकीला मोठी परंपरा आहे. आर्यभटांनी 499 मध्ये सूचीचं, म्हणजे शंकूसारखं वर टोकाला निमुळत्या होत जाणाऱ्या घनाकृतीचं, घनफळ तळ आणि उंची यांच्या गुणाकाराच्या निम्मं सांगितलं, असाच अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. एक तृतीयांशाचा बरोबर नियम ब्रह्मगुप्तांनी 628 मध्ये दिला. आर्यभटांनाही जिथे चकवा बसला, तिथे तेरा वर्षांच्या मुलाला नुसतं ‘एक तृतीयांश’ सांगून कसं भागेल?

म्हणून पुठ्ठा, कात्री आणि ज्वारी. 5 सेंमी त्रिज्येचा, 12 सेंमी उंचीचा डबा करावा. शंकूसाठी 13 सेंमी त्रिज्येच्या वर्तुळातून सुमारे 138 अंशांची पाकळी कापावी. इथे घाई झाली की पाकळी 12 सेंमीची कापली जाते, तळाची त्रिज्या 5 सेंमीच ठेवली तरी शंकू बुटका होतो आणि डबा भरायला तीनऐवजी 3.3 शंकू लागतात. असं झालं तर तो तास वाया गेला असं समजू नये. तिरकस उंची आणि लंब उंची यांतला फरक त्या उरलेल्या ज्वारीइतका स्वच्छ कुठलीच आकृती दाखवत नाही.

ज्वारीची रासही शंकूच. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) धान्याच्या राशींचं स्वतंत्र प्रकरण आहे. राशीच्या परिघाचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, उंचीने गुणा, की घनफळ मिळतं. उंची मोजायचीही गरज नाही: जाड धान्य असेल तर ती परिघाच्या दहाव्या हिश्शाएवढी, बारीक असेल तर अकराव्या, कुसळाचं असेल तर नवव्या. 18 फूट परिघाची जाड धान्याची रास 1.8 फूट उंच, म्हणून 16.2 घनफूट. आजच्या सूत्राने सुमारे 15.5 येतात, कारण त्या नियमात पायची किंमत 3 धरलेली आहे. हा फरक का पडला, हे आठवी-नववीची मुलं स्वतः शोधू शकतात. भिंतीला टेकलेल्या आणि कोपऱ्यातल्या राशींचे नियमही तिथे आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद आहे. ज्या मातीत हे गणित जपलं गेलं, तिथल्या शाळांत रास न ओतता फक्त सूत्र घोकलं जावं, ही खेदाची गोष्ट आहे.

परीक्षेतही बदल हवा. बाजू दिल्या आहेत, घनफळ काढा, या प्रश्नाला डोळे मिटून गुणाकार केला तरी गुण मिळतात. त्याऐवजी वाळूची ट्रॉली द्यावी. आपल्याकडे वाळू ब्रासवर विकली जाते आणि एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. ट्रॉलीचा हौदा 10 फूट लांब, 5 फूट रुंद, 2 फूट उंच आहे. वाळू मात्र कडेला दीड फूट आणि मध्ये शीग लावून अडीच फूट. गिऱ्हाईक एका ब्रासचे पैसे देतंय. त्याला तेवढी वाळू मिळाली का, आणि हे ठरवायला आणखी कोणती मापं घ्यावी लागतील?