आधी दार, मग रबर

पुणे-नाशिक रस्त्याने मोशी मागे टाकून चाकणकडे निघाले की वाटेत कुरुळी लागते. शेजारी निघोज्यात महिंद्राचा कारखाना आहे, तर चाकणच्या पट्ट्यात २००९ साली फोक्सवॅगनचा सुरू झाला. कारखान्यात नव्या मोटारीचे दार साच्यात धरून, मापात बसवले जाते. जुन्या मोटारीला मात्र साचा उरलेला नसतो. तेथे कारागिराचा डोळा आणि हात हाच साचा. या हुनराची किंमत आपण व्यापारीही करत नाही आणि कारागीरही करत नाहीत, अशी आमची तक्रार आहे.

आमचा धंदा कापडाचा. वडिलांनी १९८६ साली घेतलेली पद्मिनी आम्ही आजही वापरतो. एका पावसाळ्यात मंचरहून परतताना मागच्या सीटवरचे दोन तागे भिजले. एका गॅरेजवाल्याने "रबर गेले" म्हणत बाजारातले जाड बिडिंग चिकटवून दिले. दार आपटल्याशिवाय लागेना. आपटून आपटून दोन महिन्यांत दार आणखी लोंबले, आणि पाणी यायचे ते येतच राहिले.

शेवटी कुरुळीतल्या एका वयस्क डेंटरकडे गेलो. त्यांनी रबराला हातही लावला नाही. दार अर्धे उघडले, लॉकच्या बाजूने दोन्ही हातांनी उचलून पाहिले. दार वरखाली हलले. "शेठ, रोग बिजागरीत आहे आणि औषध रबराला चालले आहे," एवढेच ते म्हणाले.

पुढचे काम आम्ही दोन दिवस बसून पाहिले. आधी बिजागरीच्या झिजलेल्या पिना आणि बूश बदलले. मग जुने रबर व त्याखालचे सोल्युशन खरवडले, पत्र्यावरचा गंज काढून रंग मारला. दारे बसवताना सुरुवात मागच्या दारापासून केली, कारण गाडीचा मागचा भाग जागचा हलत नाही. मागचे दार त्याच्याशी जुळवायचे, मग पुढचे दार मागच्या दाराशी. चारी बाजूंची फट सारखी दिसेपर्यंत बिजागरीचे बोल्ट ढिले करायचे, दार सरकवायचे, पुन्हा कसायचे. खांबावरचा स्ट्रायकर, ज्यात लॉक अडकते, तो सर्वांत शेवटी. लोंबलेले दार स्ट्रायकरने वर उचलून बंद करणे म्हणजे लंगड्याला नुसते नवे जोडे घालणे.

हे सारे झाल्यावर रबर. ते ओढून बसवायचे नाही. आम्हा कापडवाल्यांना ही गोष्ट चटकन समजावी. गजावर कापड ताणून मोजले तर गिऱ्हाईक घरी जाऊन कमी भरलेले पाहते. रबर ताणून लावले तर काही दिवसांनी ते आखडते, जोड उघडा पडतो आणि कोपऱ्यात ते पातळ होते. म्हणून तुकडा थोडा लांब कापून दाबून बसवायचा आणि जोड खालच्या बाजूला ठेवायचा. दाराच्या तळाशी पाणी जाण्याची भोके असतात. ती बुजली की दार आतून कुजते.

रबर कोणते घ्यावे? आज मोटारींच्या दारांना बहुधा ईपीडीएम नावाचे रबर असते. ते ऊन-पावसाला चांगले टिकते, पण पेट्रोल, केरोसीन, ग्रीस लागले की फुगते. दुकानदाराने एवढे सांगून विकले तर माल परत येणार नाही. जाडी गाडीच्या फटीप्रमाणे द्यावी. जास्त जाड म्हणजे जास्त चांगले, हा समज खोटा आहे.

काम झाल्यावर कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करायचे आणि पट्टी ओढून पाहायची. सगळीकडे ती सारखी अडली पाहिजे. जेथे सुळकन निघते तेथून पाणी येणार. मग एकाने आत बसायचे आणि दुसऱ्याने पाण्याची नळी धरायची. आमची गाडी या परीक्षेत उतरली. दार आता दोन बोटांनी लागते.

कोणी म्हणेल, जुन्या गाड्या उरल्या किती? मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाल्या, हे खरे. पण जी गाडी आज उरली आहे ती हौसेने सांभाळलेली आहे, आणि तिचा मालक नीट कामाचे पैसे देतो. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. त्यात सांगाडा व बॉडीत फेरफार चालत नाही. जाड रबर मावावे म्हणून चौकट ठोकणारा कारागीर अशा गिऱ्हाइकाचे नुकसानच करतो.

गिऱ्हाईक "फक्त रबर टाका" म्हणते आणि कारागीर रोजी जाईल या भीतीने टाकून देतो, ही अडचण आम्ही जाणतो. त्यावर उपाय एकच. दार उचलून दाखवावे आणि बिलात दार बसवण्याची मजुरी वेगळी लिहावी. आमच्या कामात मजुरी रबरापेक्षा जास्त झाली, पण दोन ताग्यांच्या नुकसानीपुढे ती काहीच नव्हती.

चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर जाणाऱ्या आमच्या मुलांनी रविवारचे दोन तास अशा उस्तादाजवळ बसावे. कंत्राट संपते. हातातले हुनर कोणी काढून घेत नाही. आणि उस्तादांनीही ते शागिर्दाला मोकळ्या मनाने द्यावे. कुरुळीच्या त्या डेंटरजवळ आज एकही शागिर्द नाही.