इनॅक्टिव्ह म्हणे!

आमच्या धंद्यात एक शब्द फार सहज वापरतात: इनॅक्टिव्ह. डेटाबेसात शेवटच्या लॉगिनची तारीख असते, रात्री एक जॉब चालतो आणि मुदतीपलीकडची खाती साफ. सकाळी चहा पिता पिता कुणीतरी आलेख दाखवतो, बघा किती जागा मोकळी झाली! सगळे खूश.

माझं म्हणणं असं की लॉगिनची तारीख बघून कुणाच्या आठवणी पुसायचा अधिकार आपल्याला कुणीही दिलेला नाही.

गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केलं की दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती मेल, ड्राइव्ह, फोटोंसकट हटवू, आणि सुरुवात त्याच डिसेंबरपासून. कारण दिलं सुरक्षेचं. ते खोटं नाही, जुनी खाती फोडायला सोपी असतात. मग कुलूप लावा की राव! चोर येतील म्हणून कुणी घर पाडतं का? हटवण्याआधी सूचना कुठे जाणार, तर त्याच खात्यावर, आणि दिला असेल तर रिकव्हरी मेलवर. म्हणजे ज्याचं वर्षश्राद्ध होऊन गेलं त्यालाच नोटीस! यूट्यूबवर व्हिडिओ असलेली खाती मात्र तूर्त हटवणार नाही, असंही तेव्हाच सांगितलं. तिथे बरी माया दाटून आली...

आता ज्यांना आपण उठता-बसता नावं ठेवतो त्या बँका बघा. तिथेही दोन वर्षं व्यवहार नसला की खातं इनऑपरेटिव्ह होतं. पण पैसे कुणी जाळत नाही. दहा वर्षांनी ते रिझर्व्ह बँकेच्या २०१४ साली काढलेल्या फंडात जातात, आणि त्यानंतरही वारस कागद घेऊन आला की मिळतात. शोधायला २०२३ पासून 'उद्गम' नावाचं पोर्टलसुद्धा आहे. बेवारस साडेचारशे रुपयांची एवढी काळजी!

आणि "असतं काय त्या खात्यांत, कचरा" असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: माझ्या एका मित्राचे वडील दर महिन्याच्या एक तारखेला विजेच्या मीटरचा फोटो काढायचे. ते गेल्यावर फोनमध्ये असे पन्नासेक फोटो निघाले. सगळे धूसर, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा. एकात अंगठ्याला चिकटपट्टी. जागा वाचवणारं कुठलंही सॉफ्टवेअर हे फोटो पहिल्या फटक्यात काढायला सांगेल. मित्राच्या आईने ते मोठे करून करून पाहिले. मीटर कुणी बघितला नाही.

मेलेल्याच्या प्रायव्हसीचं काय, हा प्रश्न रास्त आहे. जर्मनीत तो सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला. २०१२ मध्ये वारलेल्या १५ वर्षांच्या मुलीचं फेसबुक खातं आईवडिलांना बघायचं होतं. कोर्टाने २०१८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला: पत्रं आणि डायऱ्या वारसांकडे जातात, मग हे वेगळं का? आपल्याकडे गूगलला कागदपत्रं देऊन विनंती करता येते, काही वेळा मजकूर मिळतोही, पण ते त्यांच्या मर्जीवर. बँकेत मर्जी चालते का?

राहता राहिला नॉमिनी. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तो नेमायची तरतूद आहे. गूगलचा इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर तर २०१३ पासून आहे, सेटिंग्जच्या तळघरात. आपल्या आईबाबांनी बँकेत नॉमिनी भरला तो कायदा वाचून नव्हे, काउंटरवरच्या बाईंनी रकान्यावर बोट ठेवून "इथे नाव लिहा" म्हटलं म्हणून. खातं उघडताना आपण जन्मतारीख विचारतो, मोबाइल नंबर विचारतो. त्याखाली अजून एक रकाना टाकायला किती दिवस लागतील? मी दोन म्हणतो. टेस्टिंग धरून तीन.