नाळेतली ठेव

घरात सुनेला सातवा महिना लागतो, डोहाळजेवणाची तिथी ठरते आणि त्याच सुमारास पेढीवर एक नीटनेटका तरुण चकचकीत पुस्तिका घेऊन येतो. बाळाच्या नाळेतील रक्त जन्माच्या वेळीच गोळा करून ते वर्षानुवर्षे अतिशीत टाकीत सांभाळण्याची योजना तो समजावून सांगतो. रक्कम मोठी असते, पण हप्त्यांची सोय असते. "हा बाळाचा जैविक विमा आहे, शेठजी," असे तो म्हणतो. मुलगा सही करायला तयार असतो; बाळाच्या आयुष्यापुढे कोणता बाप हिशेब मांडत बसेल? गादीवरचे आजोबा मात्र जुन्या सवयीने विचारतात, "ठेव ठेवायची, हे समजले. पण ती मोडण्याची वेळ किती जणांवर आली? आणि मोडली तेव्हा ती कामी आली का?"

व्यापारी घरांतून हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. आजोबांचा प्रश्न व्यवहाराचा आहे आणि विज्ञानाचा खरा प्रश्नही तोच आहे. त्याचे उत्तर शोधायचे, तर नाळेच्या रक्तात एवढे मोलाचे असते तरी काय, येथून आरंभ करावा लागतो.

मानवी शरीराचा संसार एका पेशीपासून सुरू होतो. ती दुभंगत जाते आणि पाचव्या-सहाव्या दिवशी शंभर-दोनशे पेशींचा एक पोकळ गोळा तयार होतो. त्याच्या आतील मूठभर पेशींपासून पुढे हृदय, मेंदू, हाडे, त्वचा असे सारे शरीर घडते. वाढीबरोबर प्रत्येक पेशीचे काम ठरत जाते. त्वचेची पेशी त्वचेचीच राहते, स्नायूची स्नायूची. काही थोड्या पेशी मात्र राखीव राहतात. त्यांना मूलपेशी किंवा स्टेम सेल म्हणतात. आपल्यासारखी पेशी मागे ठेवणे आणि कामाच्या नव्या पेशी घडवणे, हे त्यांचे दोन गुण. पेढीच्या भाषेत सांगायचे, तर मुद्दल कायम राखून व्याजावर घर चालवणे हे त्यांचे काम.

या घराचा खर्च थोडाथोडका नाही. रक्तातील तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. तिची जागा भरून काढण्यासाठी अस्थिमज्जा दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या तांबड्या पेशी तयार करते. आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य हे शब्द लहानपणापासून ऐकलेल्या वाचकाला ही रचना चटकन उमगेल. अर्थात ते तत्त्वज्ञान आहे आणि हे जीवशास्त्र. दोहोंची सरमिसळ करू नये. दाखला केवळ समजण्यापुरता.

मुद्दलही अक्षय नसते. नेदरलँडमधील एक महिला 2005 साली वयाच्या 115व्या वर्षी निवर्तली. तिने देहदान केले होते. तिच्या रक्ताचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले की अखेरच्या काळात तिच्या सुमारे दोन-तृतीयांश पांढऱ्या पेशी केवळ दोन मूलपेशींच्या वंशातील होत्या. वार्धक्य म्हणजे काय, याचे एक उत्तर त्या दोन पेशींत आहे. भांडवल झिजत जाते आणि उरलेल्या थोडक्यांवर सारा भार येतो. कधी एखाद्या मूलपेशीत बिघाड होऊन तिची संतती बेसुमार वाढते. रक्ताच्या कर्करोगाचे मूळ बहुधा तेथेच असते.

रक्त घडवणाऱ्या मूलपेशी अस्तित्वात आहेत, याचा प्रयोगसिद्ध पुरावा 1961 साली कॅनडातील टोरांटो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकुलॉक यांनी दिला. अमेरिकेचे डॉ. डॉनल थॉमस यांनी एका व्यक्तीची अस्थिमज्जा दुसऱ्याला देऊन रोग बरा करण्याची पद्धत प्रस्थापित केली. त्याबद्दल 1990 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात हा उपचार 1983 साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी यशस्वी करून दाखवला. स्वतः पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीवर असलेल्या या डॉक्टरांनी ल्युकेमियाच्या एका नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली होती.

येथे जैन वाचकाच्या मनात एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे. यात हिंसा होते काय? मज्जेतील किंवा नाळेतील पेशी घेताना कोणाचाही जीव जात नाही. नाळ तर एरवी टाकूनच दिली जाते. परंतु 1998 साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून मूलपेशी मिळवल्या, त्यासाठी काही दिवसांचे भ्रूण नष्ट करावे लागत होते. जपानचे शिन्या यामानाका यांनी एका मित्राच्या वंध्यत्व-चिकित्सालयात सूक्ष्मदर्शकाखाली असा भ्रूण पाहिला, तेव्हा त्यांना आपल्या मुली आठवल्या. भ्रूण न मोडता दुसरी वाट निघाली पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात रुजला. 2006 साली त्यांनी उंदराच्या त्वचेतील सामान्य पेशीत चार जनुके कार्यान्वित करून तिला पुन्हा मूळ स्थितीत नेले. पुढच्याच वर्षी मानवी पेशींतही हे साधले. 2012 चे नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासह मिळाले. एक करुणेचा क्षण संशोधनाची दिशा पालटू शकतो, एवढे त्यातून निश्चित दिसते. या पेशींवर आधारलेले उपचार मात्र अद्याप बहुतांशी प्रयोगाच्या पायरीवरच आहेत.

आता नाळेकडे वळू. नाळेच्या रक्तात रक्त घडवणाऱ्या मूलपेशी विपुल असतात. त्यांचा पहिला उपयोग 1988 साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलिआन ग्लुकमन यांनी केला. फॅन्कोनी ॲनिमिया या आनुवंशिक रोगाने ग्रासलेल्या पाच वर्षांच्या एका अमेरिकन मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त देण्यात आले आणि तो बरा झाला. या घटनेतील एक गोष्ट पुस्तिकांतून सहसा ठळक केली जात नाही. त्या मुलाला स्वतःच्या नाळेचे रक्त उपयोगी पडले नव्हते, बहिणीचे पडले.

कारण उघड आहे. थॅलेसेमियासारखा रोग जन्मतःच पेशींत लिहिलेला असतो. अशा बाळाचे स्वतःचे नाळरक्त परत देणे म्हणजे खोटे नाणे तिजोरीत ठेवून तेच बाजारात चालवण्याची आशा धरणे. लहान मुलांच्या ल्युकेमियातही दोषाचे बीज अनेकदा जन्मापासूनच रक्तात असते. शिवाय एका नाळेतून मिळणाऱ्या पेशी प्रौढ माणसाला बहुधा अपुऱ्या पडतात. स्वतःच्या ठेवीचा पहिल्या वीस वर्षांत उपयोग होण्याची शक्यता तज्ज्ञांच्या अंदाजानुसार 2,500 मध्ये एक ते 2,00,000 मध्ये एक इतकी अल्प आहे. आजोबांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही भविष्यातील स्वतःच्या उपयोगासाठी नाळरक्त साठवण्यास शास्त्रीय आधार नाही, असे स्पष्ट केले आहे. अपवाद एक आहे. घरात आधीच एखादे मूल या पेशींनी बऱ्या होणाऱ्या रोगाने आजारी असेल आणि माता पुन्हा गर्भवती असेल, तर ते रक्त जरूर जपावे. मात्र निर्णय रक्तरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने घ्यावा. त्याच तत्त्वांनुसार रक्तविकारांसारख्या मान्य रोगांखेरीज अन्यत्र मूलपेशींचा वापर केवळ नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. गुडघेदुखीपासून स्वमग्नतेपर्यंत सर्वांवर मूलपेशींचे इंजेक्शन सांगून लाखोंचे देयक पुढे करणाऱ्यांच्या दारात जाण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एवढे ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. जन्मानंतर नाळ लगेच न बांधता किमान एक मिनिट थांबावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तेवढ्या अवधीत नाळेतील बरेच रक्त बाळाच्या अंगात जाते आणि पुढील काही महिन्यांसाठी लोहाचा साठा होतो. या ठेवीचा पहिला धनी बाळच आहे आणि ती त्याच्या हाती त्याच क्षणी, विनाशुल्क पडते.

मग मूलपेशींचे खरे मोल कोठे आहे? ते देण्यात आहे. ल्युकेमिया, थॅलेसेमिया, मज्जा सुकून जाणे अशा रोगांत दुसऱ्या निरोगी व्यक्तीच्या मूलपेशी आजही जीव वाचवतात. त्यासाठी दोघांच्या पेशींवरील एचएलए नावाच्या खुणा जुळाव्या लागतात. सख्ख्या भावंडात पूर्ण जुळणीची शक्यता चारात एक असते. अलीकडे अर्ध्या जुळणीवर आईवडिलांच्या पेशीही देता येतात, तरी अनेक रुग्णांना परक्या दात्याचा शोध घ्यावाच लागतो. जगभरच्या नोंदवह्यांत चार कोटींहून अधिक दात्यांची नावे आहेत, परंतु त्यांत भारतीय वंशाचे फार थोडे. आणि या खुणा वंशपरंपरेने येत असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच सोयरिकी करणाऱ्या समाजातील रुग्णाला जुळणारा दाता मिळण्याची आशा सर्वाधिक त्याच समाजात असते. समाज लहान असेल आणि त्यातील कोणी नावच नोंदवले नसेल, तर चार कोटींची वही उघडूनही त्या रुग्णासाठी पान कोरेच निघते. पैसा, ओळख, मोठे रुग्णालय, काहीही तेथे चालत नाही.

नोंदणी सोपी आहे. गालाच्या आतील बाजूने कापसाचा बोळा फिरवून नमुना दिला की झाले. जुळणी निघाली, तर दात्याला बहुधा पाच दिवस इंजेक्शने देतात आणि मग प्लेटलेटदानासारखे काही तास यंत्रावर बसवून मूलपेशी वेगळ्या केल्या जातात. त्या दिवसांत अंग व हाडे दुखतात. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात. मुद्दल देऊनही मुद्दल न घटण्याचा असा व्यवहार दुसरा नसेल.

खरी कसोटी मात्र पुढे आहे. प्रत्यारोपणापूर्वी तीव्र औषधांनी रुग्णाची स्वतःची मज्जा नष्ट केली जाते. त्यानंतर दाता मागे फिरला, तर रुग्णाला परतीची वाट राहत नाही. दाते मागे फिरतात ते पुष्कळदा स्वतःच्या भीतीने नव्हे, घरच्यांच्या विरोधाने. "आपल्या मुलीच्या लग्नात अडचण येईल," "दुकान कोण पाहील," अशी वाक्ये वडीलधारी मंडळी काळजीपोटी बोलतात. दूर कोठे तरी एक घर त्या वाक्यांनी उजाड होते. म्हणून नाव नोंदवण्याआधीच घरात हे बोलणे झाले पाहिजे. ज्या समाजाची हुंडी केवळ शब्दावर वटत असे, त्याला शब्दाचे मोल वेगळे सांगावयास नको.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने समाजाने परंपरेने जपली. महावीर जयंतीला रक्तदान शिबिरे गावोगाव भरतात. तेथेच मूलपेशी दात्यांच्या नोंदणीचे एक टेबल मांडले, तर औषधदान आणि अभयदान एकाच वेळी घडेल. पेढीवरच्या आजोबांनी पुस्तिका मिटून परत करावी, सुनेच्या डॉक्टरांना नाळ बांधण्यापूर्वी थोडे थांबण्याविषयी विचारावयास सांगावे, आणि तरण्याताठ्या मुलाला दात्यांच्या वहीत नाव घालण्यास प्रोत्साहन द्यावे. ठेव घरात राहिली नाही असे त्यांना क्षणभर वाटेल. पण ज्याच्या पेशी जुळतील त्याच्या घरी तिचा जमाखर्च मांडलेला असेल.